‘शेजारचे पोहे’चा उत्तरार्ध

३ जानेवारी, शनिवार

विरंगुळा केंद्रातून आत्ताच आले आणि चप्पल काढून लगेच लिहायला बसले. फार आनंद झालाय आणि घरात तो सांगावा असं माणूस नाही. म्हणजे माणूस आहे, पण पेपर वाचतंय.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात ‘माझा आवडता सिनेमा’ असा नवा कार्यक्रम सुरू होतोय. दर महिन्याला एकानं बोलायचं. सेक्रेटरी हौसेराव म्हणाले, “पहिला मान जयमालाताईंचा, त्यांना बोलायला आवडतं.” सगळे हसले. हसेनात का! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेला, आता जरा माझं ऐका म्हणावं. तारीख १ फेब्रुवारी, रविवार.

सिनेमा कुठला हा प्रश्नच नव्हता. ‘शेजारचे पोहे’! केंद्रात कुणी नावही ऐकलेलं नाही. हौसेरावांनी विचारलं, असा सिनेमा होता तरी का? म्हटलं, होता तर. साताऱ्याला लागला होता, आठवडाभर टिकला आणि गेला.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. पेपर खाली आला. “कुठला सिनेमा म्हणालीस?” मी परत नाव सांगितलं. “दुसरा घे की एखादा,” म्हणाले आणि पेपर पुन्हा वर गेला. झालं आमचं अभिनंदन.

तर ही डायरी भाषणाच्या तयारीसाठी. पण मनातलंही लिहिणार आहे, नाहीतर ते कुठं ठेवू? भाषण झालं की ५ तारखेला मी पुण्याला लेकीकडे, उत्कर्षाकडे चाललेय. बाळ सांभाळायला, असं सगळ्यांना सांगितलंय. परत कधी येणार ते कुणाला सांगितलेलं नाही. खरं सांगायचं तर परत यावंसं वाटेल की नाही, हे माझं मलाच माहीत नाही. हे रिटायर झाल्यापासून आमच्या घरातलं बोलणं म्हणजे ‘पाणी आलं’, ‘पाणी गेलं’ आणि ‘दूध उतू जातंय’. उत्कर्षाकडे निदान भांडायला तरी कुणी आहे. ह्यांना विचारलं होतं, जाऊ का? तर म्हणाले, “जा.” पुढं एक शब्द नाही.

६ जानेवारी, मंगळवार

आज गोष्ट लिहून काढते.

दिनकर नावाचा मुलगा मामाबरोबर मुलगी बघायला येतो. मामा पानाच्या ठेल्याशी रेंगाळतो, हा पुढं होतो आणि चुकून शेजारच्याच घरात शिरतो. त्या घरीही नेमके त्याच दिवशी पाहुणे यायचे असतात. मग काय, ‘या या, बसा बसा’! नलिनी पोहे घेऊन बाहेर येते आणि बघताक्षणी ओळखते की हा तो नव्हे. खऱ्या पाहुण्याचा फोटो तिनं पाहिलेला असतो आणि पाहून रडलेली असते. म्हणून ती गप्प बसते. हा मेला बशीमागून बशी पोहे खातो. शेवटच्या बशीवर ती लिंबू पिळते, मान वर करत नाही, पण तिच्या ओठाचा कोपरा एवढासा हलतो. तो ओठाचा कोपरा मी नंतर कितीतरी दिवस आरशात करून बघत होते.

मला काय आवडतं सांगू? मुलगी बघायला आलेल्यांसमोर मीही ट्रे घेऊन गेलेय. तेव्हा हात थरथरतो आणि पुढं जन्मभर घरचे त्याची चेष्टा करतात. ह्या सिनेमात थरथरतो तो दिनकरचा हात. चमचा बशीवर टिकटिक वाजतो आणि ती ऐकत उभी असते. थिएटरातल्या बायका त्या आवाजाला अशा हसल्या म्हणता! पुरुषांना काही कळेना की ह्या का हसतायत.

मग बाहेरून मामाची हाक येते, ‘दिनकऽऽर!’ ह्याचा चमचा तोंडातच. ह्याला कळतं आपण कुठं बसलोय ते. हा नलिनीकडे बघतो, ती ह्याच्याकडे बघते. आणि मध्यंतर.

१० जानेवारी, शनिवार

एक गोष्ट भाषणात सांगावी की नाही ते ठरत नाहीये. मध्यंतरानंतरचा सिनेमा मी पाहिलेलाच नाही.

साखरपुडा झाल्यावर ह्यांच्याबरोबर एक सिनेमा बघायची परवानगी मिळाली होती. अट अशी की राजाबाई आत्या सोबत हवी आणि दिवेलागणीच्या आत कोरेगावला घरी. तेव्हा दोन थिएटरांत मिळून सिनेमाची एकच प्रत यायची. इथलं रीळ संपलं की सायकलवरून तिकडं, तिकडचं इकडं. त्या दिवशी सायकलवाला कुठं तडमडला कोण जाणे, खेळ उशिरा सुरू झाला. मध्यंतराचे दिवे लागले आणि आत्यानं पदर खोचला. “ऊठ. एस्टी गाठायची हाय.” मी रडकुंडीला आले. हे बिचारे काही न बोलता आमच्याबरोबर उठले आणि स्टँडपर्यंत आले. दुसऱ्या दिवशी एकटेच जाऊन पुढचा सिनेमा बघून आले म्हणे.

लग्न होऊन वाशीला आलो तेव्हा सिडकोच्या सगळ्या बिल्डिंगी एकसारख्या, मधे नुसतं चिखलपाण्याचं खाजण आणि ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. हे तळोज्याला केमिकल कंपनीत, शिफ्टला. मला अजून नोकरी लागायची होती. दिवसभर गप्प बसून बसून संध्याकाळी मी रडायला लागायचे. तेव्हा ह्यांनी मला राहिलेला सिनेमा सांगितला. एका दमात नाही, रोज जेवताना थोडा थोडा. केवढा लांब उत्तरार्ध होता तो! दिवाळी आली तरी संपेना. ह्यांच्या तोंडून एवढं बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

१२ जानेवारी, सोमवार

तर उत्तरार्ध. मामा थोडा आरडाओरडा करतो, पण दिनकर-नलिनीचं लग्न होतं आणि दोघं एका नव्या वसाहतीत राहायला जातात. तिथं ‘या, बसा’ म्हणणारं कुणी नाही. नलिनी कोमेजते. मग दिनकर काय करतो? कामावरून येताना रोज एका परक्या घरात ‘चुकून’ शिरतो. ‘अरेच्चा, मला आमचंच घर वाटलं!’ लोक हसतात, चहा देतात. मग तो हळूच सांगतो, बायको नवीन आहे, एकटी असते. एकेक बाई नलिनीकडे यायला लागते. शेवटी ती हळदीकुंकू करते तर जिना भरून बायका. दिनकरलाच घरात शिरायला जागा उरत नाही, तो शेजारी बसून पोहे खातो. समाप्त.

सांगा बरं, ह्याहून गोड काही असतं का? हा हिरो फुलं देत नाही, झाडामागं पळत नाही. बायकोसाठी तो सगळ्या वसाहतीत वेंधळा म्हणून नाव पाडून घेतो आणि तिला पत्ताही लागू देत नाही. ज्याला हे सुचलं तो लेखक भेटला असता तर मी त्याच्या पाया पडले असते.

आणि गंमत म्हणजे आमचे हेही वाशीला घरं चुकायचे! पण खरोखरचे चुकायचे. बिल्डिंगी सारख्या, जिने सारखे, त्यात शिफ्ट करून आलेले. प्रेमलाची नि माझी ओळख तशीच झाली. ती दारात येऊन म्हणाली, “तुमचे मिस्टर काल आमच्याकडे येऊन बसले होते.” लाजेनं मेले मी. तिच्यानंतर आणखीही बायका अशाच आल्या. पुढं ह्यांनी सिनेमातला तो भाग सांगितला तेव्हा मी म्हटलं होतं, “दिनकर मुद्दाम चुकायचा, तुम्ही खरेच चुकता, तुमच्यात नि हिरोत एवढाच फरक.” त्यावर ह्यांनी भात वाढून घेतला.

नंतर हे वाक्य मी ह्यांना किती वेळा ऐकवलंय! लग्नाचा वाढदिवस विसरले की दिनकर, बाजारातून भलतीच भाजी आणली की दिनकर. प्रेमलाला तर पाठ झालंय.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत. तीळगूळ देताना ह्यांनी “गोड बोला” म्हटलं, ते वर्षभराचं बोलणं झालं.

आज उत्कर्षाचा फोन. “आई, तुझा सिनेमा कुणीतरी यूट्यूबवर टाकलाय! लिंक पाठवते.” मी अक्षरशः उडालेच. ह्यांना हाका मारत गॅलरीत गेले. हे तुळशीला पाणी घालत होते, ते कुंडी भरून खाली वाहिलं तरी घालतच राहिले. “बघू नको,” म्हणाले, “डोळ्याला त्रास होतो तुझ्या.” आत्ताआत्ता मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बाईला म्हणे डोळ्याला त्रास!

१९ जानेवारी, सोमवार

वायफाय बंद आहे. केबलवाल्याला सांगितलंय, असं हे म्हणतात. मोबाइलचं रिचार्जही संपलंय. आजवर हे दोन दिवस आधी करायचे, ह्या वेळी कसे विसरले काय माहीत. दुपारी झाडताना बघितलं तर वायफायच्या डब्याचा प्लगच निघालेला. लावला तर दिवे लागले. चहा ठेवून येते तोवर परत बंद. लोड जास्त झाला असेल.

मग ह्यांच्यासमोर भाषणाची रंगीत तालीम केली. डोळे मिटून ऐकत होते, मला वाटलं झोपले. मी म्हटलं, “दिनकर चौथ्या मजल्यावरच्या घरात शिरतो.” तर डोळे न उघडता म्हणाले, “तिसऱ्या.” एवढं लक्षात आहे तर स्वतःच का नाही करत भाषण! शेवटी म्हणाले, “सिनेमा बघू नको. आठवणीतूनच बोल. तू सांगतेस ते चांगलं असतं.” मी चाटच पडले. एवढं गोड बोलणं? बीपीची गोळी घेतलीत ना, विचारून घेतलं.

२५ जानेवारी, रविवार

आज रथसप्तमी. प्रेमलाकडे हळदीकुंकू होतं. ती आता आमच्या मागच्या सेक्टरला राहते आणि तिच्याकडे मोठा टीव्ही आहे. बायका जमल्याच होत्या, म्हटलं लावू या सिनेमा.

पहिला भाग तस्साच. चमचा वाजला, बायका हसल्या, ओठाचा कोपरा हलला. मला भरून आलं. म्हटलं बघा, मी सांगत होते की नाही!

मध्यंतरानंतर दिनकर हा गिरणीमालकाचा मुलगा निघतो. एक खलनायक चुलतभाऊ येतो. गोदामात मारामारी होते. नलिनीला खुर्चीला बांधून ठेवलंय आणि ती नुसती ‘दिनकर, दिनकर’ करून ओरडते. मग पोलीस येतात आणि दोन जोड्यांची लग्नं लागतात.

वसाहत नाही. चुकीची घरं नाहीत. जिना भरून बायका नाहीत. मी वाट बघत बसले होते, आता येईल, मग येईल. नावं वर सरकायला लागली तेव्हा कळलं की आता काही यायचं नाही. प्रेमला माझ्याकडे बघून पटकन आत गेली. मी वाणसुद्धा न घेता निघाले.

चाळीस वर्षं मी एक थाप जगाला सांगत फिरले. उत्कर्षाला झोपवताना सांगितली, एक्स्चेंजमध्ये डबा खाताना सांगितली. आता केंद्रात जाऊन काय सांगू? राग तर एवढा आलाय! आणि भीतीही वाटतेय. मला जो माणूस आवडत होता तो सिनेमात नव्हताच, मग मी इतकी वर्षं कुणाला घेऊन बसले होते?

घरी आले. हे दारातच होते. “झालं का हळदीकुंकू?” मी म्हटलं, “झालं.” आणि सरळ आत गेले.

२८ जानेवारी, बुधवार

तीन दिवसांत मी ह्यांच्याशी बोललेले नाही. हौसेरावांना फोन करून भाषण रद्द करणार होते, तेवढ्यात प्रेमला राहिलेलं वाण घेऊन आली. स्टीलची चाळणी. चाळणी हातात देऊन खुर्चीच्या टोकावर बसली.

“जयमाला, एक सांगू? रागावणार नाहीस ना?”

“आता कुणावर कुणावर रागवू, तेच कळत नाहीये.”

“तुझे मिस्टर आमच्याकडे चुकून नव्हते आले गं. सरळ बेल वाजवून आले. दारातच म्हणाले, माझी बायको एकटी पडलीय, रोज रडते, तुम्ही एकदा घरी याल का? पण मी बोलावलं असं सांगू नका, तिला कमीपणा वाटेल. चुकून आलो होतो म्हणून सांगा.”

“आणि बाकीच्या बायका?”

“त्या सगळ्यांकडे तेच. एका घरातनं तर त्यांना हाकलून दिलं होतं, चोर समजून.”

“आणि तू आजवर तोंड शिवून बसलीस?”

“आधी त्यांना शब्द दिला होता. नंतर मला वाटलं, तुला कळलं असणार. कुणालाही कळलं असतं, जयमाला!”

ती गेल्यावर मी चाळणी घेऊन बराच वेळ ओट्याशी उभी होते. भाषण रद्द करायचा फोन केला नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

आज मेथी निवडायला बसलो होतो. मीच तोंड उघडलं.

“अहो, तो सिनेमा बघितला मी.”

“माहीत आहे.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू बोलशील म्हणून थांबलो.”

“का केलंत हो असं? माहीत नाही म्हणायचं सरळ!”

“म्हटलं होतं की. पहिल्या दिवशी तू विचारलंस पुढं काय झालं, मी म्हटलं माहीत नाही, तर तू ताटावरून उठलीस. मग दुसऱ्या दिवशी म्हटलं, एकटा जाऊन बघितला होता, आता आठवतोय; आणि सांगितलं काहीतरी. तू जेवलीस. तिसऱ्या दिवशी परत विचारलंस.”

“आणि लोकांची घरं चुकायचात ते?”

“ते आधीचं. पुढं गोष्ट सुचेना तेव्हा तेच सिनेमात घातलं.”

मी मेथीची जुडी खाली टाकली. “आणि मी जन्मभर त्या दिनकरवरून तुम्हाला घालूनपाडून बोलले! एकदा तरी म्हणायचंत, अगं बाई, तो मीच!”

“कशाला? मला बरं वाटायचं.”

“बरं वाटायचं?”

“तुला तो आवडायचा ना.”

मग मला रडूच फुटलं. चांगलं हुंदके देऊन रडले, मेथी सगळी भिजली. ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवल्यासारखा केला, काढला, आणि पाणी आलं का बघतो म्हणून बाथरूममध्ये जाऊन बसले.

एवढा मोठा नवरा घरात होता आणि मी पुण्याला चालले होते. पण एक आहे. हे दिनकरच्या तोंडून हवं तेवढं बोलले, स्वतःच्या तोंडून काय बोलले? ‘जा’. मला तेवढंच मिळालंय अजून.

१ फेब्रुवारी, रविवार

भाषण झालं. पहिला भाग रंगवून सांगितला, चमच्याचा आवाजसुद्धा काढून दाखवला. मध्यंतराशी थांबले. म्हटलं, “ह्याच्या पुढचा सिनेमा ज्यांना गोदामातली मारामारी आवडते त्यांनी घरी जाऊन बघावा. मी त्यातलं काही पाहिलं नव्हतं. माझ्यासाठी उत्तरार्ध एका वेगळ्या लेखकानं रचला, वाशीच्या एका खोलीत, मी जेवावं म्हणून.” आणि सगळा सांगितला. परकी घरं, चहा, जिना भरून बायका. प्रेमला पुढच्या रांगेत डोळे पुसत होती. हौसेरावांनी विचारलं, लेखक कोण? म्हटलं, दाराजवळ बसलेत ते.

सगळ्या माना वळल्या. हे उठले आणि पंख्याचं बटण बघायला लागले. “लेखकांनी दोन शब्द बोलावेत!” असा एकच गलका. हे म्हणाले, “मला बोलता येत नाही,” आणि बसले. टाळ्या मात्र मला मिळाल्या नाहीत एवढ्या पडल्या.

परत येताना मागच्या रस्त्यानं चालत आलो. हे नेहमीसारखे दोन पावलं पुढं. बसस्टॉपपाशी मीच थांबले.

“अहो, ५ तारखेला मी जातेय.”

“हं.”

“परत यायचं ठरवलेलं नव्हतं मी.”

हे थांबले. वळले नाहीत. “ते दिसत होतं,” म्हणाले. “सगळ्या साड्या भरल्यायस.”

“तरी जा म्हणालात?”

“तुला जायचं असेल तर मी कसं अडवू?”

“अडवू नका. पण तुम्हाला काय वाटतं ते तरी सांगा. दिनकरला नाही विचारत मी, तुम्हाला विचारतेय.”

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. समोरून टेम्पो गेला, रिक्षा गेल्या. मला वाटलं, आता पाणी आलं का बघायला पळतात की काय.

“मला करमणार नाही तुझ्याशिवाय,” हे म्हणाले.

मी म्हटलं, “काय म्हणालात? गाड्यांच्या आवाजात ऐकू नाही आलं.”

ऐकू आलं होतं. हे परत म्हणाले, आणि ह्या खेपेला एवढ्या मोठ्यानं की बसस्टॉपवरची सगळी माणसं वळून बघायला लागली.

“बरं बरं, ओरडू नका,” मी म्हटलं. “पुण्याला दोघं जाऊ आणि आठ दिवसांनी दोघं परत येऊ.”